वादी

आपल्याकडे वादी म्हणजे फिर्याद घेऊन कोर्टात उभा राहणारा.
ओमानात वादी म्हणजे कोरडी नदी.
खलफानला मराठीचा गंध नाही,
पण तो बोलतो त्यात दोन्ही अर्थ येतात:
जागा तिची. आम्ही रस्ता काढला तो तिच्या अंगणातून.
तारीख कधी तीन वर्षांनी पडते,
कधी एका आठवड्यात दोनदा.
समन्स येत नाही. तीच येते.

रस्ता त्यानेच घातला. एकोणीस वर्षं ग्रेडर चालवला,
गोटे सारले, डांबर अंथरलं,
कडेने खांब रोवले, खाली पांढरे, वर तांबडे.
पाणी तांबड्याला टेकलं की थांबायचं.
आता निवृत्त झाला, तरी त्याच वळणावर बसतो
बाभळीखाली, गाडीच्या सीटवर.
नुसती सीट. गाडी नाही.
सहा किलोमीटर खाली, खजुरांच्या बागेत,
रेतीत अर्धी पुरलेली सापडली होती.
पट्टा अजून खटक्यात अडकलेला आहे.
तो काढत नाही.

आज आभाळ धुतल्या ताटासारखं.
पाऊस पडला तो डोंगरापलीकडे, दुसऱ्याच कुणाच्या छपरावर.
आधी शेळ्या चरायच्या थांबल्या.
मग दूर कुठेतरी
शंभर ट्रक एकदम खडी ओततायत असा आवाज.
मग ती: मातकट, सावकाश,
पुढ्यात एक प्लास्टिकची बाटली ढकलत,
आणि बाटलीमागून सगळी.

हिलाल पिकअप घेऊन आला. मागे नवा फ्रिज, दोराने आवळलेला.
बहिणीकडे पोचवायचा होता, रात्रीच्या आत.
"काका, फोर-व्हील आहे."
"चारही चाकांत हवाच ना?"
"हवाच."
"मग चाकं कसली, फुगे आहेत ते."

"गुडघाभर तर पाणी आहे."
"गुडघाभर पाण्यात उंट उभा राहतो,
कारण पाणी त्याच्या पोटाखालून जातं.
तुझ्या गाडीचं पोट बघ, जमिनीला टेकलंय."

हिलालने किल्ली फिरवली.
खलफान उठला नाही, ओरडला नाही.
म्हणाला, "आधी चालत जा.
पायांना जमलं तर गाडीला विचारू."

फ्रिजचा दोर सोडला,
एक टोक बाभळीला, एक हिलालच्या कमरेला.
दिशदाशा वर खोचून तो उतरला.
पहिलं पाऊल: गार.
दुसरं: नडगीला काहीतरी आपटलं, दगड असेल.
तिसरं टाकलं
आणि टाचेखालची खडी कुणी ओंजळीने उपसावी तशी निघून गेली.
दोर ताणला. बाभळीची पानं गळाली.

परत आला तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.
चेहऱ्यावर रंगही नव्हता.
खलफानने थर्मास उघडला.

कॉफी झाली. खजूर झाले.
पलीकडच्या काठावर एका बसचे दिवे लागले, विझले.
बहिणीचा फोन तीनदा आला. तिसऱ्यांदा हिलाल म्हणाला,
"वादीत नाही गं, वादीकाठी आहे."
आणि या दोन शब्दांमधलं अंतर
त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मध्यरात्री खलफानने त्याला टेकायला सीट दिली.
अंधारात हिलालचा हात खटक्यावर गेला.
"ही कुणाची, काका?"
"जावयाची."
मग पाणीच बोलत राहिलं, बराच वेळ.

पहाटे ती ओसरली.
रस्त्याच्या मधोमध डांबरच नव्हतं,
एक पिकअप आडवी मावेल एवढा खड्डा,
तळाशी चुळकाभर पाणी, त्यात सकाळ.
खलफान काठावर उकिडवा बसून पाहत राहिला,
ग्रेडरवाल्याच्या नजरेने:
किती खडी लागेल, किती दिवस.

हिलाल लांबच्या रस्त्याने गेला, नव्वद किलोमीटर,
ॲक्सिलरेटरवर अनवाणी पाय,
फ्रिज आडवा निजवून.
दोर झाडालाच राहिला.